मोह वेचायला जाताना: अस्वलाशी गाठ पडू नये म्हणून, आणि पडलीच तर

होळी झाली की मोह गळायला लागतो. रात्री उशिरा सुरू झालेली गळ सकाळी नऊ-दहापर्यंत चालते. आपल्या झाडाखालचा सडा दुसऱ्याने उचलू नये म्हणून माणसं पहाटे चारलाच टॉर्च आणि टोपली घेऊन निघतात. त्याच वेळी, त्याच झाडाखाली, त्याच फुलांसाठी अस्वलही आलेलं असतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, बुलढाण्याचा ज्ञानगंगेचा पट्टा, सगळीकडे हीच तऱ्हा. वाघाची धास्ती सगळ्यांना असते आणि त्या धास्तीने माणूस सावध चालतो. अस्वलाचं तसं होत नाही. लहानपणापासून ते गोष्टीत, खेळण्यात आणि सिनेमात पाहिलेलं असतं, त्यामुळे अंगावर येईपर्यंत त्याचा विचारच मनात येत नाही.

म्हणून आधी आपलं अस्वल कोणतं ते नीट समजून घ्या. काय करायचं हे सगळं त्यावरच ठरतं.

मोबाईलवरचा सल्ला आपल्या रानात का चालत नाही

जगात अस्वलाच्या आठ जाती आहेत: ध्रुवीय अस्वल, तपकिरी अस्वल, अमेरिकी काळं अस्वल, हिमालयातलं काळं अस्वल, आग्नेय आशियातलं सूर्य अस्वल, दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातलं चष्मेवालं अस्वल, चीनचा पांडा आणि आपलं, म्हणजे स्लॉथ बेअर. कोआला अस्वल नाही, तो पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यांतला. लाल पांडाही अस्वल नाही. भारतात आठांपैकी चार जाती आहेत. तपकिरी आणि काळं हिमालयात, सूर्य अस्वल ईशान्येत, आणि उरलेल्या देशात जवळजवळ सगळीकडे आपलं. विदर्भात दुसरी जात नाही, त्यामुळे ओळखण्यात घोळ होत नाही.

घोळ होतो तो सल्ल्यात. इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला अमेरिकेतला आहे. तिकडे एक ठरीव शिकवण आहे: काळं असेल तर लढा, तपकिरी असेल तर निजून राहा. आपलं अस्वल काळं, म्हणून ते वाचणारा लढायला उभा राहतो. पण अमेरिकी काळं अस्वल घाबरलं की सरळ झाडावर चढून बसतं. त्याच्या पिढ्या दाट जंगलात गेल्या. आपल्या अस्वलाच्या पिढ्या वाघाच्या आणि बिबट्याच्या शेजारी, वारुळांच्या उघड्या माळावर गेल्या. तिथे पळून चढायला झाड जवळ नसतं, आणि असलं तरी बिबट्या मागोमाग चढतो. म्हणून दचकलं की समोरच्यावर तुटून पडायचं, हीच त्याची संरक्षणाची रीत झाली. त्यात राग किंवा दुष्टपणा शोधू नका. त्याला ती खोड लागली म्हणून ते टिकलं.

स्लॉथ बेअर हे त्याचं इंग्रजी नाव. मुलांच्या पुस्तकात त्याचं भाषांतर 'आळशी अस्वल' असं होतं, आणि त्याने मोठी दिशाभूल होते. १७९१ साली जॉर्ज शॉ नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने लांब नखं आणि पुढचे नसलेले दात पाहून त्याची गणना स्लॉथ या अमेरिकी प्राण्यात केली. चूक पुढे सुधारली, नाव मात्र चिकटलं. हे 'आळशी' जनावर माणसापेक्षा जोरात पळतं, झाडावर चढतं आणि पाण्यात पोहतं.

जनावर जवळून पाहिलं तर

नर साधारण ८० ते १४५ किलो, मादी ५५ ते ९५. अंगावर विस्कटलेले लांब काळे केस, मानेभोवती तर आयाळच. छातीवर पिवळट-पांढरा इंग्रजी व्ही किंवा यू सारखा पट्टा. तोंड राखाडी, लांबट आणि केसविरहित. पुढच्या पंजाची नखं तीन-चार इंच, हस्तिदंतासारखी पांढरी, किंचित वाकडी. ही नखं वारूळ फोडण्यासाठी आहेत. उन्हात वाळून कडक झालेल्या ज्या वारुळावर सबलीने दोन-चार घाव घालावे लागतात, ते हे जनावर हाताने उकरतं. तोच हात माणसाच्या डोक्यावर पडला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून ते आधी फुंकून माती उडवतं, मग ओठांचा नळा करून उधई ओढून घेतं. नाकपुड्या मिटता येतात, म्हणून धूळ आत जात नाही. आवाज फुटक्या भात्यासारखा असतो: फूः, फूः, आणि मग लांब सुर्र. शांत पहाटे हा आवाज शंभर पावलांपलीकडून ऐकू येतो. या कामात गुंतलेल्या अस्वलाला तुमची चाहूल लागत नाही. नजर त्याची अधूच असते, नाक तिखट असतं, पण वारा उलटा असला तर नाकाचाही उपयोग नसतो. माणूस दहा पावलांवर येतो, ते मान वर करतं आणि दचकतं. विदर्भातले बहुतेक हल्ले या एका क्षणात होतात.

आता मोहाचा आणि हल्ल्यांचा संबंध पाहा. पिल्लं साधारण डिसेंबर-जानेवारीत गुहेत किंवा दरडीखालच्या खोबणीत जन्मतात, बहुधा दोन. नऊ-दहा आठवड्यांनी आई त्यांना घेऊन बाहेर पडते. पिल्लं तिच्या पाठीवरच्या केसांना धरून बसतात. पिल्लांना अशी पाठुंगळी घेऊन हिंडणारं अस्वल आठ जातींत हे एकच. हिशेब केला तर ही वेळ थेट मोहाच्या तोंडावर येते. ज्या पंधरवड्यात माणूस पहाटे जंगलात सर्वांत जास्त असतो, त्याच पंधरवड्यात आई सर्वांत जास्त बिथरलेली असते.

झाडाखालची तयारी: गळ सुरू होण्याआधी आठ दिवस

हल्ला टाळण्याचं निम्मं काम इथे होतं.

झाडाखालचा पाला खराट्याने झाडून घ्या. जाळू नका. पाला जाळला की फुलं वेचायला सोपी जातात हे खरं, पण आग झाडाखाली थांबत नाही. राखीव जंगलात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय जळलेल्या पट्ट्यातून हुसकलेलं जनावर गावाच्या बाजूला येतं. झाड स्वतःच्या धुऱ्यावर असेल तर फांद्यांच्या घेराबाहेर आणखी दहा-बारा फूट रायमुनियाची (घाणेरीची) आणि तरोट्याची झुडपं काढून टाका. उभं राहिल्यावर चारी बाजूंना पन्नास-साठ फूट मोकळं दिसलं पाहिजे. झाड वनहद्दीत असेल तर झुडपं तोडण्याआधी बीटच्या वनरक्षकाला विचारा.

मग जाळी. जुन्या चार-पाच लुगड्यांचे पट्टे शिवून किंवा हिरवी शेडनेट घेऊन ती फांद्यांच्या घेराखाली जमिनीपासून फूटभर उंच, खुंट्यांना ताणून बांधा. मध्ये किंचित झोळ ठेवा म्हणजे फुलं घरंगळून एका जागी येतात. खुंट्या सहा-सात फुटांवर एक, त्याहून लांब ठेवल्या तर फुलांच्या वजनाने जाळी जमिनीला टेकते आणि माती लागते. फायदा दुहेरी आहे. फुलाला माती लागत नाही म्हणून भाव बरा मिळतो. आणि जे वेचायला दोन-अडीच तास वाकून बसावं लागायचं, ते पंधरा-वीस मिनिटांत गोळा होतं. दोन तास खाली मान घालून बसलेला माणूस आणि वीस मिनिटं उभ्याने काम उरकून जाणारा माणूस, धोका कोणाला जास्त हे उघड आहे.

जाळीत रात्री अस्वल येऊन फुलं खाईल, जाळी फाडेल, ही तक्रार खरी आहे. एखाद्या रात्री तसं होतं. त्यासाठी जाळीजवळ मचाण बांधून रात्र काढू नका. पायलीभर मोहासाठी डोकं पणाला लावायचा तो सौदा आहे. जाळी फाटली तर शिवा.

निघण्याची वेळ

पहाटे चारला निघू नका. दिवस उगवून झाडाच्या बुंध्याची साल स्पष्ट दिसायला लागली की निघा. मार्चअखेरीस म्हणजे साधारण सव्वासहा-साडेसहा. 'मग दुसरा उचलून नेईल' यावर उपाय गावात बसूनच काढावा लागतो. झाडं वाटून घ्या, आणि उजाडायच्या आत कोणीही जायचं नाही असं ग्रामसभेत ठरवा. एकाने मोडलं की सगळे मोडतात, म्हणून दंडही तिथेच ठरवा.

किमान तिघं जा. दोघं गोळा करतील, तिसरा उभा राहून फक्त पाहील. पाहणाऱ्याने झाडाकडे पाठ आणि रानाकडे तोंड ठेवायचं. वीस-पंचवीस मिनिटांनी पाळी बदला, कारण त्याहून जास्त वेळ कोणी लक्ष देऊन पाहत नाही, तंबाखू मळत बसतो. लहान पोरांना राखणीला उभं करू नका, आणि वाटेने चालताना पोरं मध्ये ठेवा.

सोबत घ्यायचं: डोक्याएवढी उंच बांबूची काठी प्रत्येकाकडे, एका काठीला घुंगरू किंवा बैलाच्या गळ्यातली घंटी. टॉर्च, कारण नाल्यातल्या झुडपात उजाडल्यावरही अंधार असतो. जाडसर दुपट्टा डोक्याला आणि मानेला गुंडाळलेला. पाण्याची बाटली, साबणाची वडी, दोन स्वच्छ सुती कापडं. फोन चार्ज केलेला, कानात काही घातलेलं नको. कुऱ्हाड हातात असली की माणसाला धीर येतो, पण जवळून भिडलेल्या अस्वलावर ती उगारायला सवडच मिळत नाही, आणि निसटता घाव बसला तर जनावर आणखी चवताळतं. लांब काठी बरी, अंतर राखते.

कुत्रा नेऊ नका. आपला मोत्या अस्वलाला भुंकून हाकलेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो झुडपात घुसतो, अस्वलाला चिडवतो, ते मागे लागलं की शेपूट घालून धन्याकडे पळत येतो, आणि त्याच्या पाठोपाठ अस्वल.

वाटेवर काय पाहायचं

उकरलेलं वारूळ दिसलं तर माती हाताने चाचपा. ओलसर, गार माती आणि इकडेतिकडे पळणारी उधई असेल तर जनावर थोड्या वेळापूर्वीच इथे होतं, वाट बदला. माती कोरडी आणि कडा खचलेल्या असतील तर खोदकाम जुनं.

ठसा ओळखणं सोपं आहे. वाघाच्या ठशात चार बोटं असतात आणि नखं उमटत नाहीत. तडसाची चार बोटं, नखं उमटतात. अस्वलाची पाच बोटं जवळजवळ एका सरळ ओळीत असतात, आणि पुढच्या पायाच्या नखांच्या खुणा बोटांपासून चांगल्या अंतरावर पुढे टोचलेल्या दिसतात. मागच्या पायाचा ठसा पाहून पुष्कळ जण फसतात. टाच लांब असल्यामुळे कोणी अनवाणी माणूस गेला असं वाटतं.

विष्ठेवरून हंगाम कळतो: बोरांच्या आणि टेंभरांच्या बिया, बहाव्याचा चिकट काळा गर, मुंग्यांची डोकी, मोहाचा चोथा. ताजी असेल तर तिथे गप्पा मारत उभं राहू नका.

सगळ्यात वाईट जागा कोणत्या? नाल्याचं वळण, सिंदीची बेटं, रायमुनियाची जाळी, दगडी टेकडीचा पायथा. उन्ह चढलं की अस्वल अशाच सावलीत निजतं. या जागांच्या अलीकडे पन्नास पावलं थांबा, घुंगरू वाजवा, मोठ्याने बोला, खाकरा, मग पुढे जा. आवाजाचा हेतू घाबरवण्याचा नसतो. 'आम्ही येतोय' एवढं लांबून कळवायचं असतं, म्हणजे ते आपणहून बाजूला होतं. म्हणून आवाज सतत आणि एकसारखा हवा. वीस मिनिटं मुकाट चालून झुडपाशी पोचल्यावर अचानक आरोळी ठोकली तर जे टाळायचं तेच होतं.

तेंदूपत्त्याला हेच नियम, फक्त जास्त कडक. मोहाचं झाड ठरलेलं असतं. तेंदूची झुडपं मात्र माणसाला पान पाहत पाहत वाकून आत आत नेतात. सत्तर पानांचा पुडा पुरा करण्याच्या नादात माणूस सोबत्यांपासून कधी तुटला ते कळत नाही. दर पाच मिनिटांनी हाळी द्यायची, आणि उत्तर आलं नाही तर सगळ्यांनी हात थांबवायचे.

समोर आलंच तर

लांब आहे, शंभर पावलांच्या वर, आणि त्याने पाहिलेलं नाही: बोलू नका, आलात त्याच वाटेने मागे फिरा. फोटो काढू नका. त्या दिवशीची फुलं त्याची.

तीस-चाळीस पावलांवर आहे आणि त्याने मान वर केली आहे: जागीच थांबा. सगळे एकमेकांना खेटून उभे राहा, पोरांना मागे घ्या. खालच्या पट्टीत, सावकाश बोलत राहा. काय बोलता याला महत्त्व नाही, माणूस आहे एवढं कळलं पाहिजे. मग तोंड त्याच्याकडेच ठेवून तिरकं तिरकं मागे सरा. ते मागच्या पायांवर उभं राहिलं तर घाबरू नका. दिसत नाही म्हणून ते उंच होऊन वास घेतं, ती हल्ल्याची तयारी नसते. त्याची पळायची वाट तुमच्या मागून जात असेल तर बाजूला व्हा. नाला, गुहा किंवा पिल्लं यांच्या आणि त्याच्या मध्ये उभं राहू नका.

धावून आलं: पळू नका, झाडावर चढू नका. कित्येकदा ते काही पावलांवर थबकून हुंकारतं आणि वळतं. गटाने काठ्या पुढे धरून, एकाच जागी उभं राहून ओरडलं तर वळण्याची शक्यता वाढते. गट फुटून एक जण पळाला की ते त्याच्याच मागे जातं.

भिडलंच: पालथे पडा. पोट आणि तोंड जमिनीला, दोन्ही हातांची बोटं मानेमागे एकमेकांत घट्ट गुंतवलेली, कोपरं गालांना चिकटवून पुढे, पाय फाकवलेले म्हणजे ते तुम्हाला सहज उलटं करू शकत नाही. उलटं केलंच तर तसेच लोळत पुन्हा पालथे व्हा. त्याचा रोख डोकं आणि चेहरा यांवरच असतो, डोळे आणि मानेच्या शिरा वाचवणं हेच या पडण्याचं काम. हे अस्वल माणसाला खायला येत नाही. धोका टळला असं वाटलं की जातं, आणि बहुतेक हल्ले थोडक्यात आटोपतात. गेलं असं वाटल्यावरही लगेच उठू नका. शंभर आकडे मोजा, कान देऊन ऐका, मग उठा.

सोबत्यांनी काय करायचं? पळून गावाकडे जायचं नाही. एकत्र येऊन, लांब काठ्या आपटत, डबा वाजवत, एकाच बाजूने पुढे सरकायचं, म्हणजे दुसरी बाजू त्याला पळायला मोकळी राहते. चारी बाजूंनी घेरलं तर ते खाली पडलेल्या माणसाला सोडत नाही.

गोष्टींनी शिकवलेलं

दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकली आहे. एक झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून मेल्यासारखा पडतो, अस्वल हुंगून निघून जातं. झाडावर चढलेला मित्र आपल्या रानात वाचेलच असं नाही, कारण मधाच्या पोळ्यासाठी उंच झाडावर चढणारं हे जनावर आहे. निजलेल्या मित्राचं अर्धं बरोबर: पडायचं, पण उताणं नाही, पालथं. आणि अस्वल लांब असताना नाही, अगदी अंगाशी आल्यावर.

अस्वल गुदगुल्या करून मारतं, ही आपल्याकडची आणखी एक. कोणी काढली देव जाणे, पण त्यामुळे पोरांना अस्वल म्हटलं की हसू येतं. मोह खाऊन ते झिंगतं, म्हणून सुस्त असतं, हीदेखील ऐकीव. ताज्या फुलात साखर असते, दारू नसते. सडवा घालून, आंबवून, भट्टी लावल्यावर दारू. झाडाखालचं अस्वल पूर्ण शुद्धीवर असतं. आंबवलेल्या मोहाचा चोथा उघड्यावर टाकला तर त्या वासाने मात्र ते वस्तीपर्यंत येतं, हे भट्टीवाल्यांनी ऐकून ठेवावं.

जंगलातल्या मुलाला कायदे शिकवणारा बाळू हा अस्वल सगळ्यांना माहीत आहे. किपलिंगचं ते पुस्तक, 'जंगल बुक', १८९४ सालचं, आणि त्यातलं जंगल सिवनीचं, म्हणजे नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने पेंच ओलांडलं की पुढचा जिल्हा. पुस्तकात बाळू तपकिरी रंगाचा आहे. सिवनीत तपकिरी अस्वल नाही, तिथे आहे ते आपलंच काळं. तो मध, मुळं आणि फळं खातो एवढं जुळतं. स्वभाव लेखकाचा.

टेडी बेअरची कथा १९०२ च्या नोव्हेंबरातली. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. सोबत्यांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं, आणि बांधलेल्यावर गोळी झाडायला ते तयार झाले नाहीत. क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर व्यंगचित्र काढलं, त्यावरून ब्रुकलिनच्या एका दुकानदाराने कापडी अस्वल शिवून विकायला ठेवलं. जखमी झालेल्या त्या अस्वलाला पुढे सुटका म्हणून मारावंच लागलं, हे खेळण्यासोबत कोणी सांगत नाही.

आपल्याकडचं अस्वल त्याहून कितीतरी जुनं. रामायणात सेतू ओलांडताना सोबत असलेला जांबवान ऋक्षराज आहे, स्यमंतक मण्यासाठी कृष्णाशी झुंजणाराही तोच. संस्कृतात ऋक्ष म्हणजे अस्वल आणि ऋक्ष म्हणजे तारादेखील. सप्तर्षींना वेदकाळात ऋक्ष म्हणत, आणि युरोपातही त्याच ताऱ्यांत लोकांना मोठं अस्वल दिसलं.

दरवेशी मात्र ऐकीव नाही, चाळिशीपुढच्या सगळ्यांनी पाहिलेला आहे. नाकात दोरी घातलेलं अस्वल, डमरू, पोराला पाठीवर बसवलं की भीती जाते म्हणून चार आणे, आणि ताइतात घालायला एक केस. पिल्लू आईपासून तोडून, तापलेल्या सुईने नाक टोचून, दात मोडून ते 'शिकवलेलं' असायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे बंद झालं तरी प्रत्यक्ष शेवटचं नाचणारं अस्वल २००९ साली सुटलं. अस्वल या कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. बाजारात कोणी त्याचा केस, नख किंवा पित्त विकत असेल तर घेणाराही गुन्हेगार ठरतो.

छत्तीसगडात महासमुंद जिल्ह्यातल्या चंडीमातेच्या देवळात अस्वलं येऊन प्रसाद खातात, त्याचे व्हिडिओ फिरतात. ते पाहून आपल्या मारुतीच्या पारावर खोबरं आणि गूळ ठेवू नका. खोबरं, तेल आणि गूळ यांची चव लागली की ते रोज येतं, आणि रोज येणाऱ्या अस्वलाला पहाटे काकड्याला निघालेली म्हातारी एक दिवस अंधारात भेटतेच. देवळाचं दार रात्री लावा, दिव्याचं तेल आत ठेवा.

जखमी माणसाला दवाखान्यात नेईपर्यंत

जखमा बहुधा डोकं, चेहरा आणि हात यांवर असतात. रक्त खूप येतं, पाहणाऱ्याचे हातपाय गळतात. स्वच्छ कापडाची घडी करून जखमेवर तळहाताने सलग दहा मिनिटं दाबा, मध्ये उचलून पाहू नका. डोक्याची कातडी लोंबत असेल तर कापू नका, फेकू नका. पाण्याने ओली करून जागच्या जागी बसवा आणि वरून कापड बांधा, शस्त्रक्रियेत ती पुन्हा लावता येते. डोळ्याला जखम असेल तर त्यावर दाब नको, नुसतं झाका. तोंडात रक्त येत असेल तर कुशीवर निजवा. हळद, चुना, रॉकेल, चहापत्ती यातलं काहीही भरू नका. डॉक्टरला ते आधी खरवडावं लागतं.

रक्त थांबलेल्या लहान जखमा आणि ओरखडे साबण लावून वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. अस्वलाला पिसाळ होऊ शकतो, त्यामुळे रेबीजची लस, खोल जखमेत रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, तिन्हींबद्दल दवाखान्यात स्वतःहून विचारा. नुसते टाके घालून घरी पाठवलं तर उपचार अर्धाच झाला. रुग्णवाहिकेला १०८, वनविभागाला १९२६.

भरपाईसाठी घटना ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा, फोन केलात तरी लेखी अर्जाची पोच घ्या. पंचनाम्यात जागा, वेळ, सोबत कोण होतं हे खरं खरं लिहा. रक्ताचे कपडे पंचनामा होईपर्यंत धुऊ नका. सरकारी दवाखान्याचे कागद, आधार, बँक पासबुक यांच्या प्रती एका पिशवीत ठेवा. वेळेवर कळवलं नाही म्हणूनच पुष्कळ प्रकरणं अडतात.

विहिरीत पडलं, पिल्लू सापडलं

बिनकठड्याच्या शेतविहिरीत अस्वल पडणं विदर्भात नेहमीचं. १९२६ ला फोन करा, आणि वनविभाग येईपर्यंत एकच काम करा: गर्दी हटवा. दगड मारू नका, मोटार सुरू करून पाणी उपसत बसू नका. पाणी खोल असेल आणि ते दमत असेल तर दोराने खाट सोडा, त्यावर ते टेकतं. शिडी किंवा फांद्यांचं लाकूड सोडायचं काम वनविभागाच्या माणसांवर सोपवा, कारण ते वर आलं की पहिल्यांदा जो दिसेल त्याच्यावर जातं. तीन-चार फुटांचा कठडा बांधला तर हा प्रसंगच येत नाही.

पिल्लू एकटं दिसलं तर ते टाकलेलं नसतं. आई जवळच्या झुडपात असते आणि तुमच्याकडे पाहत असते. उचलू नका, पाणी पाजू नका, पोरांना दाखवायला थांबू नका. आल्या वाटेने परत जा आणि वनरक्षकाला जागा सांगा.

आणि रब्बीत विजेची लाइन रात्रपाळीची असली की गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला एकट्याने जाणं भागच पडतं. अशा वेळी पांदणीतून जाताना रेडिओ किंवा फोनवरचं गाणं मोठ्याने लावा, टॉर्चचा झोत पायाशी न ठेवता समोर वीस पावलांवर ठेवा, आणि पंपाच्या खोलीत शिरण्याआधी दार काठीने ढकलून आत उजेड टाका. थंडीत अशी रिकामी खोली अस्वलालाही आवडते.